चष्म्याच्या डबीतली अळी

सासूबाईंच्या हातून एक अळी सुटली, एवढीच खरं तर गोष्ट. पण ती अळी नेमकी सूनबाईच्या हाती लागली आणि तिथून पुढे जे रामायण घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी सासूबाई कोण ते सांगायला हवं, नाहीतर एका अळीचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल.

शहर जिथे संपतं तिथे, टायरवाल्याच्या दुकानामागे, या कुटुंबाचा दीड एकराचा तुकडा होता. सूनबाईचा नवरा पेरायचा, पाणी द्यायचा आणि दिवसाला मोजून पाच शब्द बोलायचा. सूनबाई दर रविवारी भाजी टेम्पोत भरून बाजारात नेऊन विकायची. आणि या दोघांच्या मधे सासूबाई. जमिनीत औषधाचा थेंबही पडू द्यायचा नाही हा त्यांचा हुकूम. तो काही कुठल्या चळवळीतून आला नव्हता. चळवळवाले शाळेत होते तेव्हापासून सासूबाई तेच करत होत्या. "माणसाला जेवायला बोलवायचं आणि त्याच्या ताटात फवारा मारायचा? ही कुठली रीत?" एवढं त्या म्हणायच्या, की विषय संपला.

मग किडीचं काय? किडीला सासूबाई होत्या ना! पहाटे बुटक्या स्टुलावर बसून त्या एकेक कोबी मांडीवर घ्यायच्या, पान न् पान उचलून बघायच्या आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत अळी धरून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली होती. दुपारी तो डबा कोंबड्यांपुढे रिकामा व्हायचा. अळ्या वेचून झाल्या की ओल्या फडक्याने पानं पुसायची, जुन्या टूथब्रशने गाजरं घासायची आणि टोमॅटो तर असे चमकवायचे की त्यात बघून भांग पाडावा. टायरवाल्याने त्यांचं नाव चिमटाबाई ठेवलं होतं. अर्थात तोंडावर म्हणायची त्याची छाती नव्हती.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

रविवारचा बाजार होता 'विषमुक्त ताट' या चळवळीचा. शाळेच्या मैदानावर टेबलं मांडलेली असायची आणि गिऱ्हाईकं लांबून लांबून खरी भाजी घ्यायला यायची. खरी म्हणजे काय, तर दिसायला भिकार. गाजर वाकडं हवं, टोमॅटो तडकलेला हवा, कोबीला भोकं हवीत. एवढं सगळं जमलं की लोक डोळे मिटून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आहाहा, हीच ती लहानपणीची चव!" अजून खाल्लेलं काही नसायचं.

सूनबाईच्या टेबलासमोर मात्र लोक थबकायचे, चकचकीत कोबीकडे बघायचे आणि नाक मुरडून पुढे जायचे.

"एवढी सुंदर भाजी? नक्की फवारलेली."

"अहो नाही हो, माझ्या सासूबाई हाताने अळ्या वेचतात."

"हाताने!" असं म्हणून लोक हसायचे आणि समोरच्या टेबलाकडे जायचे.

समोरचं टेबल चिखल्याचं. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. सूनबाईनेच मनातल्या मनात हे नाव ठेवलं होतं, कारण ठोक बाजारातून आणलेल्या गाजरांना बादलीतला चिखल लावताना तिने त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सांगायचं कुणाला? चिखल्याकडे दाढी होती, तागाच्या पिशव्या होत्या आणि "माती बोलते, आपण ऐकत नाही" अशी वाक्यं होती. सूनबाईकडे नुसती चांगली भाजी होती. तिला कोण विचारतो!

शेवटी व्हायचं तेच झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी चिखल्यानेच तक्रार केली, की या बाईंची भाजी संशयास्पद सुंदर आहे. चळवळीच्या अध्यक्षांनी चष्मा सावरत सूनबाईच्या हातात कागद ठेवला. तीन आठवड्यांनी तपासणी. भाजी विषमुक्त असल्याची खात्री पटली नाही तर टेबल रद्द.

"अहो, प्रयोगशाळेत पाठवा ना," सूनबाई म्हणाली.

"प्रयोगशाळेचा अहवाल यायला चार महिने लागतात," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा संशय मात्र दर रविवारी ताजा असायचा.

"मग शेत येऊन बघा."

"शेत काय, कुणीही कुणाचंही दाखवतं. निसर्गाचा पुरावा भाजीवरच हवा. अळी ही आपल्या ताटातली बहीण आहे, बाई. बहीण जिथे जेवत नाही तिथे आपण कसं जेवायचं?"

टाळ्या पडल्या. अध्यक्षांना दोन माणसं दिसली तरी भाषण सुचायचं आणि तेव्हा तर सहा जण उभे होते.

सूनबाई घरी आली ती तोंड उतरवूनच. टेबल गेलं तर उरला ठोकवाला, आणि त्याला सकाळी सातला सगळे क्रेट भरून हवे असायचे. एकेक पान उचलून बघायला तिथे वेळ कुणाला? तो म्हणेल फवारा, की फवारायचं. आणि मग सासूबाईंनी काय करायचं? सासरे गेले त्या आठवड्यातसुद्धा या बाईने कोबी मांडीवर घेतला होता. रडत होत्या आणि अळ्या वेचत होत्या. ते हात रिकामे झाले तर ही म्हातारी महिनाभरात खचेल, हे सूनबाईला स्वच्छ दिसत होतं.

तिने हळूच विषय काढला. "आई, चार कोबी न वेचता नेऊ का? नुसते दाखवायला?"

सासूबाईंनी फडकं खाली ठेवलं. "किडकी भाजी लोकांच्या गळ्यात मारायची? तीस वर्षांत माझ्या हातून एक अळी बाहेर गेली नाही. एक! हवं तर टेबल जाऊ दे, पण माझं नाव नको घालवूस."



पुढच्या रविवारी बाजारात एक गिऱ्हाईक आलं. धावणाऱ्या बाई. या बाई भाजीसुद्धा जागच्या जागी धावत घ्यायच्या. भाव विचारताना धावायच्या, पिशवी उघडताना धावायच्या. त्यांनी धावता धावता एक कोबी उचलला, एक पान बाजूला केलं आणि अचानक थांबल्या. त्या थांबलेल्या कुणी कधी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे आजूबाजूचे लोकही थांबले.

"अळी," बाई कुजबुजल्या. "खरी अळी!"

सूनबाई टेबलावरून वाकली. पानावर बोटाच्या पेराएवढी हिरवी अळी होती, मऊ, निवांत, पान कुरतडत बसलेली. अहो, माफ करा, दुसरा देते, असं ती म्हणणार तोच बाईंनी कोबी छातीशी धरला आणि हाळी दिली, "इकडे या! इथे अळी आहे!"

मग काय विचारता! कोबीभोवती ही गर्दी. लोकांनी फोटो काढले, पोरांना खांद्यावर घेऊन अळी दाखवली, एका आजोबांनी तर तिला नमस्कार केला. तासाभरात सगळी भाजी संपली. सूनबाईने अळीचा कोबी मात्र विकला नाही. शेजारचे विकले.

टेम्पोत बसल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण आता तिला कळलं होतं, की सासूबाईंना दिसेनासं झालंय.

तशी कुणकुण वर्षभर होतीच. सासूबाई दुधात मीठ घालायच्या, टायरवाल्याला दूधवाला समजून रागवायच्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, चष्मा लागला, नवी कोरी डबी घरात आली. सासूबाईंनी ती न उघडताच बाहेरच्या खोलीतल्या कपाटाच्या खणात टाकली. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" त्यानंतर त्या खणाजवळून जातानासुद्धा त्या तोंड फिरवून जायच्या.

आता सांगा, सूनबाईने काय करायचं? अळी हा टेबल वाचवणारा पुरावा होता. ती जिवंत ठेवायला हवी होती. पण सासूबाईंच्या हाती लागली तर अळी कोंबडीच्या पोटात जाणार, आणि वर त्यांना कळणार की तीस वर्षांत पहिल्यांदा एक सुटली. मग त्या कोबी मांडीवर घेतील का? सूनबाईला तसं वाटत नव्हतं.

घरात लपवायला जागा नव्हती. फडताळं, डबे, टोपल्या, सगळीकडे सासूबाईंचा हात फिरायचा. सूनबाईने चारही खोल्या पालथ्या घातल्या आणि शेवटी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अख्ख्या घरात सासूबाई कधीच उघडणार नाहीत अशी एकच वस्तू होती.

अशी अळी चष्म्याच्या डबीत राहायला गेली.

झाकणात एक काडी अडकवून सूनबाईने हवेला फट ठेवली. सकाळ-संध्याकाळ कोबीचं कोवळं पान. चष्मा काढून ठेवला तर रिकामी डबी हलकी लागेल, कुणी उचललीच तर संशय येईल, म्हणून चष्मा आतच राहू दिला. अळी काचांवर फेऱ्या मारायची, दांडीवर चढून बसायची आणि सूनबाई तिच्याशी गप्पा मारायची, "खा बाई, खा. तुझ्यावर आमचं घर चाललंय."

"कुणाशी बोलतेस गं?" सासूबाई आतून ओरडायच्या.

"फोनवर!"

"या कपाटाला कोबीचा वास का येतोय?"

"घरभरच येतो आई, आपण कोबीवालेच आहोत."

पुढच्या रविवारी अळीने पुन्हा काम चोख केलं. सूनबाईने डबी खिशातून नेली, टेबल मांडल्यावर अळीला वरच्या कोबीवर बसवलं आणि बाजार उठताना पुन्हा डबीत घेतलं. धावणाऱ्या बाई तर मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या. समोर चिखल्याचं तोंड त्याच्या गाजरांपेक्षा वाकडं झालं. अध्यक्ष लांबूनच बघून मान डोलावून गेले. लांबूनच का, ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता फक्त तपासणीचा रविवार निभावला की झालं, असं सूनबाई म्हणत होती.

आणि तपासणीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, तिने डबी उघडली तर अळी हलेना. चष्म्याच्या डाव्या दांडीला एका धाग्याने स्वतःला बांधून घेऊन ती बसली होती. पान जसंच्या तसं. दुपारपर्यंत तिचा आकार आखडला, संध्याकाळी कातडी गळून पडली आणि दांडीला चिकटलेला हिरवट कोष तेवढा उरला.

सूनबाईने कपाळावर हात मारला. "अगं, दोन दिवस थांबली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?"



शनिवारी तिने गुपचूप सगळा मळा पालथा घातला. एक तरी अळी मिळावी! पण सासूबाई पहाटेच वेचून मोकळ्या झाल्या होत्या. कधी नव्हे ती एक सुटली म्हणून रोज थोडीच सुटणार? डब्यातली एखादी उचलावी, तर डबा सासूबाईंच्या मांडीखेरीज कुठे नसायचा. रविवारी सकाळी सूनबाई इतकी गोंधळलेली होती, की पालकाची टोपली घरीच विसरली.

मैदानावर अध्यक्ष, चिटणीसबाई आणि एक जाडजूड वही अशी तपासणी समिती टेबलांवरून फिरत होती. चिखल्याच्या टेबलाशी त्यांनी भोकं पडलेला कोबी उचलला आणि "वा! किती सच्चा!" म्हणून ठेवला. मग ते सूनबाईकडे आले. मागे धावणाऱ्या बाई धावत होत्या.

"हं, कुठे आहे ती प्रसिद्ध अळी?" अध्यक्ष दोन हात लांब उभं राहून म्हणाले.

"ती… आज आलेली नाही."

"आलेली नाही म्हणजे?"

"म्हणजे ती आता अळी राहिली नाही. कोष केला तिने. घरी आहे."

"घरी!" चिखल्या समोरून मोठ्याने हसला. "अहो अध्यक्ष, दोन रविवार एकच अळी होती! मी नीट बघितलंय. बाहेरून आणून ठेवली असणार. ठरवून!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. चिटणीसबाईंनी वही उघडली. सूनबाईने तोंड उघडलं, की ती आमच्याच कोबीतली होती, आमच्या सासूबाईंच्या नजरेतून… आणि तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. दूधवाल्याच्या गाडीवरून उतरून सासूबाई येत होत्या. एका हातात पालकाची टोपली, दुसऱ्या हातात बिस्किटांचा डबा. वाटेत गाडीवर बसून त्यांनी पालक वेचला होता, वेळ कशाला फुकट घालवायचा!

"टोपली विसरलीस," त्या म्हणाल्या. "आणि हे सगळे असे का उभे आहेत? कुणी पडलं का?"

"आजी," चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या कोबीत दोन आठवड्यांपूर्वी अळी सापडली होती. त्याचीच चौकशी चाललीय."

सासूबाईंनी टोपली खाली ठेवली. डबा तसाच हातात राहिला.

"माझ्या कोबीत?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अळी?"

इतकी वर्षं संसार केला, पण सासूबाईंचा तो चेहरा सूनबाईने कधी पाहिला नव्हता. कुणी भर बाजारात थोबाडीत मारावी तसा. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, मग डोळे बारीक करून कोबीकडे, आणि काही दिसलं नसावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

सूनबाईला दोन्ही वाटा दिसत होत्या. खरं बोललं तर टेबल वाचेल. खोटं बोललं तर सासूबाई. तिला वाटलं होतं, आपण विचार करू. पण विचार वगैरे काही झालाच नाही, जीभ आधी सुटली.

"आईंच्या हातून नाही सुटली," ती म्हणाली. "मीच बाहेरून आणून ठेवली होती. दुसऱ्याच्या शेतातून."

"बघा!" चिखल्या ओरडला.

धावणाऱ्या बाई आयुष्यात दुसऱ्यांदा थांबल्या. अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "फार वाईट वाटतं, बाई. चळवळ विश्वासावर चालते." आणि चिटणीसबाईंनी वहीत सूनबाईच्या टेबलाच्या नोंदीवर पेन टेकवलं.

सासूबाई सूनबाईकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी नाकातून एक हुंकार काढला. तो हुंकार घरात ऐकू आला की नवरा शेतावर पळून जायचा.

"बाहेरून?" त्या म्हणाल्या. "बाहेरून कशाला आणायला हव्यात? आपल्या घरात काय कमी आहेत?"

आणि त्यांनी बिस्किटांचा डबा समितीच्या वहीवर उपडा केला.

दोनशे तरी असतील. हिरव्या, करड्या, केसाळ, गुळगुळीत, सकाळपासून डब्यात कोंडलेल्या आणि त्यामुळे भलत्याच उत्साहात असलेल्या. त्या वहीवरून टेबलावर पसरल्या, टेबलावरून खाली, आणि एक केसाळ अळी थेट अध्यक्षांच्या बाहीवर.

अध्यक्षांनी अशी किंकाळी फोडली, की मैदानाच्या टोकाला मधवाल्याच्या हातून बरणी पडली. पुढच्या क्षणी ते खुर्चीवर उभे होते. "काढा! काढा ही! आई गं!"

"अहो, बहीण आहे ना तुमची?" सासूबाई म्हणाल्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! ताटातल्या बहिणीवर वीस वर्षं भाषणं देणाऱ्या या माणसाने बहीण जवळून कधी पाहिलीच नव्हती. सासूबाई शांतपणे पुढे झाल्या, नुसत्या स्पर्शाने बाही चाचपली आणि चिमटीत अळी धरून डब्यात टाकली. मग त्याच बोटांनी त्या टेबलावरच्या अळ्या वेचू लागल्या. कितीतरी वेळ नुसता टपटप आवाज येत होता. बघत कुठे होत्या त्या! नजर भलतीकडेच, पण बोटं अळीवरच पडत होती.

"या सगळ्या आजच्या?" चिटणीसबाईंनी विचारलं. त्या वही झटकत होत्या, पण डोळे विस्फारलेले होते.

"आज कमीच आहेत. हवा थंड आहे." सासूबाईंनी झाकण लावलं आणि नाक फेंदारलं. "पण इथे चिखलाचा वास कुठून येतोय?"

वास जिथून येत होता तिथे त्या गेल्या. चिखल्याचा तो सच्चा कोबी उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला. एक भोक, दुसरं भोक, तिसरं. पुन्हा एकदा फिरवला.

"काय हो, तुमची अळी फूटपट्टी घेऊन जेवायला बसते का?"

"म्हणजे?"

"सगळी भोकं एका मापाची, एका ओळीत. आणि कडा भाजलेल्या. अळी खाते ती कड ओली, खरबरीत लागते. ही तापवलेली सुई आहे, विणकामाची. दहा नंबरची."

चिटणीसबाई विणकाम करायच्या. त्यांनी पिशवीतून सुई काढून भोकात घातली. चपखल बसली.

चिखल्याची पाचावर धारण बसली. "माती बोलते…" असं काहीतरी तो पुटपुटला, पण माती त्या दिवशी गप्प होती. आपल्या तागाच्या पिशव्या आणि बादली उचलून तो निघाला, आणि धावणाऱ्या बाई फाटकापर्यंत त्याच्यामागे धावल्या.

समितीचा निर्णय अध्यक्षांनी खुर्चीवरूनच सांगितला, खाली उतरायला ते तयार नव्हते. एक, टेबल कायम. दोन, आजींनी यापुढे दर रविवारी बाजारात बसून लोकांसमोर अळ्या वेचाव्यात, म्हणजे चळवळीला शिकायला मिळेल. तीन, डब्याचं झाकण घट्ट असावं.

परतताना टेम्पोत तिघं होती. बाजार उठताना न्यायला आलेल्या नवऱ्याने गाडी सुरू केली.

"ती अळी," सासूबाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "मी मुद्दाम सोडली होती. तुझी ती तपासणी होती ना, म्हणून. ऐकतेस ना?"

"हो आई."

"मुद्दाम."

"मला वाटलंच होतं, आई."

"मग एवढ्या लोकांत खोटं कशाला बोललीस? वेडी कुठली." असं म्हणून त्यांनी सूनबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत तसाच ठेवला.

पुढचे दोन दिवस सासूबाई एकेक कोबी दोनदोनदा मांडीवर घेत होत्या. दर रविवारी लोकांसमोर बसायचं होतं. शंभर डोळे बघणार आणि एखादी सुटली तर? सूनबाईलाही तीच धास्ती होती, पण बोलायचं कुणी? या गडबडीत डबीतला कोष ती पार विसरून गेली.

बुधवारी सकाळी ती पडवीत क्रेट धूत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीत कपाटाचा खण कुरकुरला. वर्षभर त्याला हात न लावल्यामुळे सासूबाईंना तो उघडायची सवयच राहिली नव्हती. सूनबाईला आठवलं आणि ती ओल्या हातांनी धावली. पण उशीर झाला होता.

सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. उघडी डबी एका हातात, चष्मा दुसऱ्या हातात. चष्म्याच्या डाव्या दांडीला रिकामा कोष चिकटलेला, आणि त्याच्या वर एक पांढरं फुलपाखरू पंख वाळवत बसलेलं.

"अगं, इथे काहीतरी फडफडतंय," त्या म्हणाल्या. "काय आहे?"

"थांबा आई, पुसून देते, मी… म्हणजे ते असं झालं…"

सासूबाईंनी ऐकलं नाही. फुंकर मारली. फुलपाखरू उडून खिडकीच्या गजावर बसलं. मग त्यांनी हळूच, कुणी बघत नसल्यासारखा, चष्मा डोळ्यांवर चढवला. कोष दांडीला तसाच, कानाच्या थोडा पुढे. काचांवर अळीच्या फेऱ्यांचे डाग होते, तरी त्या फुलपाखराकडे बघत राहिल्या.

"ही तीच का? मी मुद्दाम सोडलेली?"

"हो आई. तीच."

मग त्यांनी मान वळवून सूनबाईकडे पाहिलं आणि दचकल्या.

"अगं बाई! तुझे केस कधी पिकले?"

सूनबाईला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. "वर्ष झालं असेल, आई."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!" त्यांनी पुढे होऊन सुनेच्या कानामागची बट बोटांत धरली, अळी धरतात तशा चिमटीत, पण ओढली नाही. नुसती नीट बसवली. दारातून आत डोकावलेला नवरा म्हणाला, "आई, चष्मा छान दिसतोय," आणि त्या दिवसातले चार शब्द एका दमात खर्च करून पाण्याची मोटर बघायला गेला.

"काच पुसून देते, आणि तो कोष काढते," सूनबाई म्हणाली.

"काच पूस. कोष राहू दे."

फुलपाखराने पंख उघडून मिटले. सासूबाईंच्या चिमटीने सवयीने झेप घेतली आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर थांबली. शंभर अंडी घालेल मेली, असं त्या पुटपुटल्या. मग त्यांनी खिडकीचं दार पुरतं ढकलून उघडलं.

"जा. पण टायरवाल्याच्या बाजूने जा," त्या म्हणाल्या. "माझ्या कोबीवर आलीस तर याद राख. आता दिसतं मला."